सरडा सोडा, नाकतोडा पाळा



पावसाळा सरता सरता मला एक पत्र आले. लिहिणारा मुलगा नववीत शिकतो. गाव लहान, घरामागे बोरी-बाभळींचे रान. त्या रानात त्याला एक सरडा सापडला होता. कुंपणावर मान हलवत बसतो तो नेहमीचा सरडा नव्हे, तर सरडगुहिरा. काही भागांत त्याला घोयरा सरडाही म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तकांत तो शॅमेलिऑन या नावाने भेटतो. मुलाने त्याला माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत ठेवले होते. त्याचा प्रश्न असा होता : "सरड्याला रोज नाकतोडे लागतात. ते पकडण्यात माझी सगळी संध्याकाळ जाते. नाकतोडे घरीच वाढवता येतील का? कसे वाढवायचे ते सविस्तर कळवावे." आणि पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर आठवल्यासारखे, एक वाक्य होते : "दोन दिवस तो काही खात नाही आणि काळपट दिसतो."

ही शेवटची ओळ वाचल्यावर मासिकातून उत्तर देण्यात अर्थ नव्हता. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत महिना जातो. मी त्याच दिवशी पत्र टाकले. ज्या झाडावर सापडला त्याच झाडावर, आणि शक्य तर सकाळच्या उन्हात, त्याला सोडून दे असे लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. सरडा सोडला होता. फांदीवर ठेवताच तो पानासारखा डुलत डुलत आत गेला आणि दिसेनासा झाला. मग मुलाने विचारले होते : "आता पेटी रिकामी आहे. तिच्यात काय ठेवू?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पहिल्याच पत्रात होते. ते तुम्हा सर्वांना सांगावे म्हणून हा लेख.

आधी सरड्याचे संपवू. सरडगुहिरा पाळणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे किंवा मारणे यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. "मग परदेशी सरडा विकत आणला तर?" असे कोणी तरी विचारणारच. येमेनमधला शिरस्त्राणधारी शॅमेलिऑन किंवा मादागास्करमधला रंगीबेरंगी शॅमेलिऑन तुम्ही चित्रफितींत पाहिलेला असतो. युरोप-अमेरिकेत पिंजऱ्यात पैदा केलेले असे सरडे लोक पाळतात, हे खरे. पण २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले असे परदेशी प्राणी जवळ असतील तर त्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले. सारे शॅमेलिऑन त्या करारात येतात.

परंतु केवळ कायद्याचा धाक दाखवून मी थांबणार नाही. धाकाने मुले प्राणी सोडत नाहीत, लपवतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या काचेच्या पेटीकडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहा.

सरडगुहिरा भांड्यातले पाणी सहसा पीत नाही. पानांवर साचलेले दवाचे, पावसाचे थेंब तो चाटतो. पेटीत वाटीभर पाणी असूनही तो तहानेने मरू शकतो. त्याच्या हाडांना कॅल्शियम लागते, आणि ते अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व त्याच्या कातडीत सूर्यप्रकाशातील ठरावीक जंबुपार किरणांमुळे तयार होते. साधी काच नेमके तेच किरण अडवते. म्हणजे खिडकीशी, 'छान उन्हात' ठेवलेल्या काचपेटीत त्याला ऊन मिळते, पण उन्हातले हवे ते मिळत नाही. वर कीटकांच्या अंगात हाडे नसतात. त्यांचा सांगाडा बाहेरचा, कायटिन आणि प्रथिनांचा. कॅल्शियम त्यात फार थोडे, फॉस्फरस मात्र भरपूर. रानातला सरडा तऱ्हेतऱ्हेचे कीटक खातो आणि उघड्या उन्हात बसतो, म्हणून त्याचे भागते. पेटीत रोज एकाच जातीचे चार किडे मिळाले तर काही महिन्यांत पायाची हाडे मऊ होऊन वाकतात. परदेशातले जाणकार पाळणारे म्हणूनच किड्यांना आधी पोटभर चांगला पाला चारतात, मग सरड्यापुढे टाकताना त्यांच्या अंगाला कॅल्शियमची भुकटी लावतात, आणि जंबुपार किरणांचे वेगळे दिवे बसवतात.

आणि तो काळपट रंग? सरडा पार्श्वभूमी पाहून रंग बदलतो असे आपण सगळेच शिकलो. खरे तर तो रंग मुख्यतः मनःस्थिती, दुसऱ्या सरड्याला द्यायचा इशारा आणि ऊन-थंडी यांप्रमाणे बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवून दिले, की त्याच्या कातडीतील काही पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने मांडलेले असतात. त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. आपल्या विद्यार्थ्याच्या पेटीतला काळपट रंग म्हणजे बहुधा भीती आणि ताण. बिचारा सांगत होता, पण ती भाषा मुलाला येत नव्हती.

आता नाकतोड्यांकडे वळू. मुलाने सरड्यासाठी नाकतोडे घरी वाढवले असते तर काय झाले असते, याचा हिशेब करू. समजा, सरड्याला दिवसाआड पाच नाकतोडे दिले. महिन्याला पंचाहत्तर झाले. तेवढे सतत मिळायचे तर पैदाशीसाठी वाढलेल्या नर-माद्या वेगळ्या, अंडी वेगळी, लहान पिल्ले वेगळी, मधली वेगळी, असे कित्येक शे जीव एका वेळी सांभाळावे लागतील, आणि त्यांना रोज ताजे गवत. एका सरड्यामागे घरात गुरांचा गोठाच म्हणा ना! एवढे करून दिवाळी उलटली, गवत वाळले, की आपल्याकडचे बहुतेक नाकतोडे दिसेनासे होतात. भातावरच्या नाकतोड्याची अंडी तर जमिनीत झोपी जातात ती थेट पुढच्या पावसाळ्यात जागी होतात. माघ-फाल्गुनात त्या सरड्याने खायचे काय? परदेशात ही अडचण येत नाही, कारण तिथे दुकानात वाळवंटी टोळ नाही तर घरगुती रातकिडे विकत मिळतात. या जाती ऊब आणि खाणे मिळाले की बारा महिने पिढीमागून पिढी देतात. तरीही तिथले हे रातकिड्यांचे उद्योग एका विषाणूने अनेकदा बसवलेले आहेत. एका प्राण्याचे पोट अनेक प्राण्यांच्या पाठीवर चालते, ही गोष्ट पुस्तकात त्रिकोण काढून दाखवतात. ती अशी घरात उतरली म्हणजे त्रिकोणाचा पाया किती रुंद असतो ते कळते.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. घरी नाकतोडे वाढवायचे असतील तर ते सरड्याचे खाद्य म्हणून नव्हे, नाकतोडे म्हणूनच वाढवा. ज्याला आपण 'सरड्याचा खाऊ' म्हणून दोन बोटांत धरतो तो शाळेतल्या विद्यार्थ्यासाठी सरड्याहून कितीतरी चांगला गुरू आहे. सरडा सहा महिने पाहून जे दिसेल त्याच्या दसपट नाकतोडा सहा आठवड्यांत दाखवतो. तो स्वस्त आहे आणि कायद्याला चालतो. चावत नाही, फार तर तोंडातून तपकिरी रस काढून तुमची बोटे रंगवतो, आणि नावाप्रमाणे कुणाचे नाकही तोडत नाही.

कोणता निवडावा? परसातल्या माठ-मुळ्याच्या पानांवर, कुंड्यांतल्या रोपांवर एक हिरवागार, निमुळत्या डोक्याचा छोटा नाकतोडा असतो. मादी मोठी आणि तिच्या पाठीवर तासन्‌तास बसलेला नर अगदी लहान. पाहणाऱ्याला आई आणि पिल्लू वाटावे. सुरुवातीला हा उत्तम. भातशेतीच्या भागात राहणाऱ्यांना भातावरचा हिरवा-पिवळसर नाकतोडा सहज मिळेल. एक मात्र टाळा : रुईच्या झाडावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा जो देखणा टोळ बसलेला असतो तो. रुईच्या चिकातली विषे तो पचवून अंगात साठवतो आणि डिवचल्यावर घाण रस उडवतो. त्याचे भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटीच. लांबून पाहा, वहीत चित्र काढा. आणि कोणताही नाकतोडा आणा, नुकतीच औषधफवारणी झालेल्या शेतातून आणू नका. दोन दिवसांत सगळे पाय वर करतील आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल.

पकडताना मागच्या पायाला धरायचे नाही. संकटात नाकतोडा तो पाय सांध्यापाशी सोडून देतो, आणि पालीच्या शेपटीसारखा तो पुन्हा येत नाही. ओंजळीने किंवा बारीक जाळीच्या पिशवीने पकडा.

घर कसे असावे? काचेची पेटी चालेल, पण वर झाकणाऐवजी बारीक जाळी हवी. नाकतोड्यांचा मोठा शत्रू भूक नव्हे, ओल आहे. कोंदट पेटीत शेणावर-गवतावर बुरशी येते आणि मग मरतुक लागते. आत काटक्या उभ्या-आडव्या लावा, निदान वीतभर उंचीच्या. त्यांचे काम पुढे सांगतो. खायला रोज ताजे गवत, मक्याची कोवळी पाने, माठ, मुळा. शेतावर जाणे जमत नसेल तर ताटलीत गहू पेरा. आठ दिवसांत हिरवी पाती तयार. त्याच्या जोडीला बशीत चिमूटभर कोंडा ठेवा. पाण्याची वाटी नको, पानांतले पाणी पुरते. पेटी तिशीच्या आसपास अंश सेल्सिअस उष्णतेत खुशीने चालते, म्हणजे वर्षाचे बरेच महिने दिव्याची गरज नाही. पण भर दुपारी उन्हात बंद काचपेटी ठेवलीत तर ती भट्टी होते. पेटी एक दिवसाआड साफ करा, आणि करताना नाकाला रुमाल बांधा. टोळांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अनेकांना त्यांच्या विष्ठेच्या आणि कातीच्या धुळीने दम्यासारखा त्रास झालेला आहे. घरात कोणाला दमा असेल तर पेटी व्हरांड्यातच बरी.

अंड्यांसाठी दहा सेंटिमीटर खोल डबा घ्या. वाळू स्वच्छ धुऊन, तव्यावर चांगली तापवून गार करा. शंभर भाग वाळूला पंधरा भाग पाणी मिसळा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. डबा काठोकाठ भरून पेटीत ठेवा आणि मादीवर लक्ष ठेवा. तिच्या पोटाच्या टोकाला चार छोट्या कठीण पाकळ्या असतात. त्या उघडझाप करीत ती वाळू उकरते आणि पोट आत घालते. पोट ताणले जाते, वलयांमधली मऊ कातडी उलगडते आणि ते मूळच्या दुप्पट-अडीचपट लांब होते. एका किड्याचे अर्धे अंग जमिनीत गेले आहे आणि तो स्तब्ध उभा आहे, असे दृश्य दिसेल. ती मेली म्हणून ओढून काढू नका! ती अंड्यांचा घड घालते आणि भोवती फेस ओतते. फेस वाळून स्पंजासारखा होतो. वरचा फेसाचा खांब म्हणजे पिल्लांचा बाहेर पडण्याचा जिना.

अंडी वाळूतले पाणी शोषून फुगतात. म्हणूनच वाळू कोरडी झाली की सगळे संपले. कोंबडीच्या अंड्यात सगळी शिदोरी आधीच बांधून दिलेली असते. नाकतोड्याचे अंडे मात्र पाण्यासाठी जमिनीवर अवलंबून असते, आणि जमीन पावसावर. पावसाळ्याच्या सुरुवातीला गवताबरोबर नाकतोड्यांची पिल्ले एकदम कशी उगवतात याचे उत्तर तुमच्या डब्यात आहे.

पिल्लू वर येताना अळीसारखे दिसते आणि पृष्ठभागावर पोचताच पहिली पातळ कात टाकून नाकतोडा होते. फुलपाखराप्रमाणे मधे कोष नाही. आकाराने लहान, पंख नसलेले, पण बाकी सगळे बापासारखे. ते पाच-सहा वेळा कात टाकत मोठे होते. येथे त्या काटक्या कामाला येतात. कात टाकताना पिल्लू डोके खाली करून फांदीला लटकते, पाठीवर चीर पडते आणि जुन्या अंगातून नवे अंग खाली घसरत बाहेर येते. खाली जागा नसेल, किंवा तुम्ही उत्साहाने पेटी हलवलीत, तर पंख चुरगळतात ते कायमचे. गर्दी असेल तर भाऊबंदच त्या मऊ अंगाचे लचके तोडतात. कात टाकलेल्या प्रत्येक पिल्लाची टरफले जमवून पुठ्ठ्यावर तारखेसह चिकटवा. शेवटच्या दोन टरफलांवर भिंगाने पंखांचे कोंब पाहा : मागच्या पंखाचा कोंब पुढच्यावर झाकण घालून बसलेला दिसेल. पूर्ण वाढ झालेल्या नाकतोड्यात ते उलट असते, पुढचा पंख मागच्याला झाकतो. ही अदलाबदल केव्हा झाली, हे तुमच्या तारखा सांगतील. पुस्तकात ही ओळ वाचलेले अनेक असतील, स्वतः पाहिलेले थोडे.

शिक्षकांना येथे एक विनंती. पिल्लांचे दोन गट करून एकाला कोवळे गवत आणि दुसऱ्याला जून गवत द्या, किंवा एकाला सावली आणि दुसऱ्याला ऊब, आणि कात टाकण्यात किती दिवसांचा फरक पडतो ते मुलांना काढू द्या. तराजू चांगला असेल तर याहून सुंदर प्रयोग आहे. सारख्या वजनाच्या गवताच्या दोन जुड्या घ्या. एक नाकतोड्यांना द्या. दुसरी तशाच पेटीत, पण नाकतोड्यांशिवाय ठेवा, कारण गवत नुसते सुकूनही हलके होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही जुड्या वाळवून तोला. फरक म्हणजे खाल्लेले गवत. लेंड्या वाळवून तोला. खाल्ले किती, टाकले किती, अंगी किती लागले, हा ताळेबंद मांडा. मग पहिला हिशेब पुन्हा करा : एका सरड्यासाठी वर्षाला किती गवताचे रान लागेल? आलेला आकडा चुकीचा असला तरी चालेल. कसा चुकला यावर तास छान जातो.

काही शिक्षक म्हणतील, शेतकऱ्याच्या पिकावरची कीड पोरांनी घरात पोसायची का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण टोळधाड काय असते ते विदर्भाने २०२० च्या मे महिन्यात पाहिले आहे. राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले आणि संत्र्यांच्या बागांतून लोक डबे-थाळ्या वाजवत फिरले. आपल्या सरकारची टोळांबद्दल इशारा देणारी संघटना १९३९ पासून काम करते आहे. पण या टोळांविषयी आज जे माहीत आहे त्याचा मोठा भाग पिंजऱ्यात टोळ पाळूनच कळलेला आहे. १९२१ मध्ये बोरिस उव्हारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने असा सिद्धांत मांडला, की एकांडा, बुजरा टोळ आणि थव्याने उडणारा टोळ या दोन जाती नव्हेत, एकाच जातीची दोन रूपे आहेत. लंडनमध्ये पुढे त्याच्या नेतृत्वाखाली टोळांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. एकट्या टोळाला इतरांच्या गर्दीत ठेवले तर काही तासांतच तो एकलकोंडेपणा सोडतो. गर्दीत मागच्या मांड्यांना सारखे धक्के लागतात. नुसत्या कुंचल्याने त्या मांड्या कुरवाळल्या तरी तोच परिणाम होतो. २००९ मध्ये तर असे आढळले, की या बदलामागे मज्जासंस्थेतले सेरोटोनिन हे द्रव्य आहे; तेच, जे तुमच्या-माझ्या मेंदूतही असते. शत्रूला डब्यात बसवून, चारा घालून, त्याच्या मांड्या कुरवाळून त्याचे गुपित काढण्याची ही रीत मला फार आवडते.

परसातल्या त्या टोकदार डोक्याच्या नाकतोड्यापासून तुमच्या व्हरांड्यात टोळधाड तयार होणार नाही. धाडी करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. तरी दोन पथ्ये पाळा. परगावचा किंवा परदेशी कीटक आणून वाढवू नका. आणि आपल्याकडे वाढलेले जास्तीचे नाकतोडे जिथून आणले त्याच गवतात सोडा, शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात नव्हे. घरी कोंबड्या असतील तर तो प्रश्नच उरत नाही. नाकतोडा पाहिल्यावर कोंबडी जी धाव घेते, ती पाहण्यासाठीही एखादा सोडून बघा. शिकारी पाहण्याची हौस तिथेच फिटते.

सरडगुहिरा पाहूच नये असे मी म्हणत नाही. उलट जरूर पाहा, पण त्याच्या घरी जाऊन. एकदा झुडूप सापडले की तिथे पुन्हा पुन्हा जा, लांब बसा, हालचाल करू नका. त्याचा एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा नाकतोड्याकडे असेल. तो इंच-इंच सरकेल, दोन्ही डोळे एकाच बिंदूवर येतील आणि अंगाहूनही लांब अशी जीभ डोळ्याचे पाते लवण्याआधी जाऊन परत येईल. घरी नाकतोडा वाढवलेल्या मुलाला त्या क्षणी आणखी एक गोष्ट कळेल, जी इतरांना कळणार नाही : त्या जिभेवर चिकटून काय गेले. पाच-सहा कातींचे श्रम, कित्येक मुठी गवत आणि मागच्या वर्षीचा पाऊस.

अंडी घालायला मादी झाडावरून जमिनीवर उतरते. रस्ते ओलांडताना अशा किती तरी माद्या चाकाखाली जातात, आणि 'विषारी आहे' या समजुतीने किती तरी काठीने मारल्या जातात. सरडगुहिऱ्याला विष नसते. गावात कोणी काठी उगारली तर एवढे वाक्य सांगायला विसरू नका. सापडलेला सरडा जखमी असेल तर मात्र स्वतः डॉक्टरकी न करता वनविभागाला कळवा.

आमच्या त्या नववीतल्या मित्राच्या पेटीत सध्या भातावरच्या नाकतोड्यांचे शेवटचे सात उरले आहेत. दोन माद्यांनी वाळूत घड घातले. महिना झाला तरी काहीच बाहेर येईना, म्हणून तो वाळू उपसून पाहणार होता. मी त्याला थांबवले आहे. डब्यावर तारीख लिही, तो सावलीत ठेव, मुंग्या लागू देऊ नकोस आणि वाळू अगदी कोरडी पडू देऊ नकोस, एवढेच कळवले. जूनमध्ये तुझ्या गावावर पहिला पाऊस पडेल त्या दिवशी डब्यावर चांगले पाणी शिंपड, आणि मग रोज सकाळी झाकण उघडून पाहा.